ऑनलाइन लिलाव आणि मोबाइलवरील जाहिराती: व्यवहार कुठे अडतो, काळजी कशी घ्यावी

पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. कांदा, मूग, बाजरी, ज्वारी, कान्हूर पठार परिसरातील वाटाणा आणि दूध यांवर येथील बहुतेक घरांचा खर्च चालतो. कांद्याची एक खेप, एक दुभती गाय किंवा एक जुना ट्रॅक्टर म्हणजे अनेकांची वर्षभराची बचत असते. पूर्वी हे व्यवहार बाजार समितीत, काष्टी, वाळकी, घोडेगाव किंवा बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात, नाहीतर ओळखीच्या दलालामार्फत होत. आता यातील बरेचसे व्यवहार मोबाइलवर सुरू होतात. जाहिरात टाकली की तासाभरात पाच-दहा फोन येतात. मात्र त्यातले किती खरे, भाव किती खरा आणि पैसे येईपर्यंत माल कोणाच्या भरवशावर सोडायचा, या प्रश्नांवर व्यवहार अडतो. या लेखात अशा नेहमीच्या अडचणी, त्यामागची कारणे आणि करावयाचे उपाय दिले आहेत.

बाजार आवारात काय मिळते, मोबाइलवर काय सुटते?

बाजार समितीच्या आवारात तीन गोष्टी आपोआप होतात. गोणी फोडून माल सर्वांसमोर पाहिला जातो. घेणारा व्यापारी परवानाधारक असतो आणि रोज तिथेच बसतो. तोलाई झाल्यावर हिशेबपट्टी मिळते, त्यामुळे पैसे थकले तर तक्रार कोठे करायची हे माहीत असते. जनावरांच्या बाजारातही गाय डोळ्यांसमोर असते, दावणीला धार काढून पाहता येते आणि पावती होते.

मोबाइलवरील जाहिरातीत माल फोटोत असतो, माणूस फक्त आवाजात असतो आणि पैशाची जबाबदारी कोणाचीच नसते. बहुतेक जाहिरात संकेतस्थळे केवळ दोघांची गाठ घालून देतात, व्यवहाराची हमी घेत नाहीत. म्हणून कोणताही ऑनलाइन व्यवहार करताना तीन प्रश्न विचारावेत: माल कोणी पाहिला? माणूस कोण आहे? पैसे बुडाले तर दाद कोठे मागायची? यातील ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तिथे आपल्याला स्वतः व्यवस्था करावी लागते.

अडचण 1: मोबाइलवर दिसतो तो भाव मिळत नाही

ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. ‘कांदा अमुक रुपयांवर’ असा संदेश गटात फिरतो, शेतकरी गाडी भरतो आणि प्रत्यक्षात भाव शे-पाचशे रुपयांनी कमी निघतो. यामागे नेहमी फसवणूकच असते असे नाही. आपल्याकडे कांद्याचा लिलाव गोणीत होतो आणि माल वक्कलनिहाय विकला जातो. दिवसाचा सर्वांत जास्त भाव अनेकदा एक-दोन वक्कलांनाच मिळालेला असतो. संदेशात मात्र तोच आकडा फिरतो.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव पाहता येतात. तिथे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. निर्णय घेताना सर्वसाधारण दर धरावा. त्यासोबत पुढील गोष्टी पाहाव्यात.
- भाव कोणत्या तारखेचा आहे? जुनी छायाचित्रे आणि जुने संदेश पुन्हा पुन्हा फिरतात.
- त्या दिवशी आवक किती होती? थोड्या आवकेचा चढा भाव दुसऱ्या दिवशी टिकेलच असे नाही.
- कमाल आणि सर्वसाधारण दरात अंतर किती? अंतर मोठे असेल तर प्रतवारीला जास्त महत्त्व आहे असे समजावे. एक नंबर, गोल्टी, जोड व बदला माल वेगळा करूनच न्यावा.

अडचण 2: ई-लिलावात बोलीच येत नाही

राष्ट्रीय कृषी बाजार म्हणजे ‘ई-नाम’ ही केंद्र शासनाची योजना 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झाली. यात प्रवेशद्वारावर मालाची नोंद होऊन लॉट क्रमांक मिळतो, गुणवत्ता तपासली जाते, व्यापारी संगणकावर किंवा मोबाइलवर बोली लावतात आणि सर्वांत जास्त बोली शेतकऱ्याला कळवली जाते. भाव पसंत नसेल तर नकार देण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे. आवारात नसलेला, दुसऱ्या गावचा व्यापारीही बोली लावू शकेल आणि स्पर्धा वाढेल, हा त्यामागचा विचार.

प्रत्यक्षात अडचण येते ती गुणवत्ता तपासणीत. मूग, हरभरा, सोयाबीन यांसारख्या धान्यांत ओलावा, काडीकचरा, डागी दाणे यांची टक्केवारी काढता येते. ती वाचून दूरचा व्यापारी अंदाज बांधू शकतो. कांद्याचे तसे नाही. आकार मोजता येतो, पण पत्ती किती टिकेल, मान किती वाळली आहे, गोणीच्या मध्यभागी काय आहे, हे व्यापारी हातात घेऊनच ठरवतो. त्यामुळे कांद्याच्या ई-लिलावात दूरची बोली कमी येते आणि अनेक ठिकाणी उघडा लिलाव होऊन नोंद नंतर संगणकात केली जाते.

यावरून कोणता माल कोठे न्यावा याचा अंदाज येतो. मूग, हरभरा, तूर असा वाळलेला व टिकाऊ माल ई-लिलावासाठी योग्य. हिरवा वाटाणा तोडल्यापासून काही तासांत उतरू लागतो. बोलीची वाट पाहण्यात त्याचे वजन आणि रंग दोन्ही जातात, म्हणून तो जवळच्या बाजारात किंवा आधी ठरलेल्या खरेदीदाराकडेच द्यावा.

ई-नामवर माल लावण्यापूर्वी आपली बाजार समिती त्या यादीत आहे का आणि आपल्या पिकाची बोली तिथे खरोखर ऑनलाइन होते का, हे बाजार समितीच्या कार्यालयात विचारून घ्यावे. नोंदणी करताना बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा. मध्यस्थाचा मोबाइल क्रमांक दिला तर बोलीचा आणि पैशांचा संदेश त्यालाच जातो. लॉट क्रमांकाची पावती पैसे जमा होईपर्यंत जपून ठेवावी.

अडचण 3: जाहिरात पाहून आलेला खरेदीदार शिवारात भाव पाडतो

फोनवर ठरलेला भाव आणि चाळीसमोरचा भाव यांत फरक पडतो. मजूर लावून कांदा निवडून झालेला असतो, गाडी उभी असते आणि मग ‘माल फोटोसारखा नाही’ असे सांगून भाव तोडला जातो. म्हणून फोनवर भाव ठरवताना ‘हा भाव किती मालाला?’ हे आधी विचारावे.

एक हिशेब पाहू. समजा, चाळीत 100 क्विंटल कांदा आहे. त्यात 80 क्विंटल एक नंबर आणि 20 क्विंटल गोल्टी-जोड आहे.

बाजार समितीत एक नंबरला 1,800 रुपये आणि गोल्टी-जोडला 700 रुपये भाव मिळाला, तर एकूण 1,44,000 अधिक 14,000 म्हणजे 1,58,000 रुपये होतात. वाहतूक, गोणी, हमाली, तोलाई यांचा खर्च क्विंटलला 150 रुपये धरल्यास 15,000 रुपये वजा होतात. हातात 1,43,000 रुपये राहतात.

शिवारात खरेदीदार 1,600 रुपये सांगतो. खर्च काहीच नाही, म्हणून 100 क्विंटलचे 1,60,000 रुपये होतील, असे वाटते. पण तो फक्त 80 क्विंटल उचलतो. त्याचे 1,28,000 रुपये होतात. उरलेले 20 क्विंटल शेवटी बाजारातच न्यावे लागतात. त्याचे 14,000 रुपयांतून 3,000 रुपये खर्च जाऊन 11,000 रुपये मिळतात. एकूण 1,39,000 रुपये. सतरा हजारांचा फायदा दिसत होता, प्रत्यक्षात चार हजारांचा तोटा झाला. आकडे आपल्या मालाप्रमाणे बदलतील. हिशेबाची पद्धत हीच ठेवावी.

त्याहून मोठा धोका पैशांचा आहे. राज्यात 2016 पासून बाजार आवाराबाहेर होणाऱ्या फळे-भाजीपाल्याच्या विक्रीवर बाजार समितीचे नियमन नाही. कांदाही त्यातच येतो. शेतकऱ्याला विक्रीचे स्वातंत्र्य मिळाले, पण शिवारात विकलेल्या मालाचे पैसे थकले तर बाजार समिती हस्तक्षेप करू शकत नाही. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.
- गाडी चाळीसमोरून हलण्यापूर्वी पैसे खात्यात जमा झालेले असावेत. ‘पोहोचल्यावर देतो’ या बोलीवर पहिला व्यवहार करू नये.
- जवळच्या वजनकाट्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वजन करून दोन्ही पावत्या घ्याव्यात.
- भाव, वजन, प्रत, गाडी क्रमांक, खरेदीदाराचे पूर्ण नाव व पत्ता एका कागदावर लिहून सही घ्यावी. चालकाच्या परवान्याचा फोटो काढावा.
- धनादेश घेतलाच आणि तो वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न दिल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. ‘आज देतो, उद्या देतो’ यात ही मुदत निघून जाते, हे लक्षात ठेवावे.

अडचण 4: जुना ट्रॅक्टर आणि अवजारे

बाजारात साडेतीन लाखांना मिळणारा ट्रॅक्टर जाहिरातीत दीड लाखाला दिसला, तर तो बहुधा अस्तित्वातच नसतो. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय’ असे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवण्याची पद्धत देशभर वापरली जाते. अहिल्यानगरला लष्कराची मोठी वसाहत आहे, आपल्या तालुक्यातील अनेक घरांतील मुले सैन्यात आहेत, त्यामुळे अशा बोलण्यावर लगेच विश्वास बसतो. पुढे वाहतूक, जीएसटी, गेटपास अशा नावांनी थोडे थोडे पैसे मागितले जातात. आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचेही भरत जातो. वस्तू प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी कोणत्याही नावाखाली रक्कम भरायची नाही, हा नियम पाळला तर ही फसवणूक होऊ शकत नाही.

ट्रॅक्टर खरा असला तरी कागदपत्रांची अडचण राहते. खरेदीपूर्वी पुढील तपासणी करावी.
- एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा पाहावा.
- आरसी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवरील क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहावेत.
- बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.
- नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर मूळ मालकाच्या सह्या घ्याव्यात. दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतील वाहन असल्यास तिथला ना हरकत दाखला लागेल का, हे आधी विचारावे.

विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यावर 14 दिवसांत विकणाऱ्याने आणि 30 दिवसांत घेणाऱ्याने परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टर विकून दोन वर्षे झाली तरी नोटीस तुमच्या घरी येऊ शकते.

वित्त कंपन्यांनी ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांचे ऑनलाइन लिलावही होतात. त्यात वाहन ‘आहे त्या स्थितीत’ विकले जाते. नंतर इंजिनचे काम निघाले तर तक्रार चालत नाही. बोली लावण्यापूर्वी यार्डात जाऊन मेकॅनिककडून तपासणी करावी. अनामत रक्कम परत कधी मिळते, यार्डभाडे व थकीत कर कोणाकडे आणि आरसी किती दिवसांत मिळेल, हे लेखी विचारावे. अनामत रक्कम एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितली तर तो लिलाव खरा नाही असे समजावे.

अडचण 5: गाय फोटोत वीस लिटरची, गोठ्यात बारा लिटरची

दुभत्या जनावरांच्या जाहिरातीत दुधाचा आकडा फुगवलेला असतो किंवा तो मागच्या वेताचा, ऐन भरातला असतो. एकाच वेळी काढलेली भरपूर धार पाहून फसू नये. आधीची वेळ चुकवून सड तुंबवलेले असू शकतात. सलग तीन धारा समोर काढून, मोजून पाहाव्यात. त्यासाठी एक मुक्काम करावा लागला तरी तो खर्च परवडतो.

- कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक मागावा आणि जनावर पाहताना तो जुळवावा. राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे.
- वय दातांवरून, गाभण असल्याची खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. चारही सडांतील दुधाची कासदाहासाठी आणि रक्ताची ब्रुसेल्लोसिससाठी तपासणी करावी.
- लम्पी व लाळ्या-खुरकूत लसीकरणाची तारीख विचारावी.
- नवीन जनावर किमान तीन आठवडे आपल्या गोठ्यापासून वेगळे बांधावे. एका गाईमुळे सगळा गोठा आजारी पडला तर नुकसान तिच्या किमतीच्या कितीतरी पट होते.
- ‘गाडीत चढवली आहे, वाहतुकीचे पैसे टाका’ असा फोन आला, तर पैसे टाकू नयेत.

अडचण 6: मोबाइलवर मागवलेले कांदा बियाणे

कांदा बियाण्याची उगवणशक्ती साधारण वर्षभरात झपाट्याने कमी होते. त्यामुळे जुने बियाणे नव्या पाकिटात भरून विकण्याचे प्रकार या पिकात अधिक त्रासदायक ठरतात. रोपवाटिका मोडली तर पुन्हा रोपे तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि लागवडीचा हंगाम हातचा जातो.

बियाणे विकण्यासाठी परवाना लागतो. समाजमाध्यमावरील जाहिरातीत परवाना क्रमांक, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि पक्के बिल यांपैकी काहीच मिळत नसेल, तर ते बियाणे घेऊ नये. प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. पेरणीपूर्वी 100 बिया ओल्या गोणपाटात किंवा कागदात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात, ओल टिकवावी आणि बाराव्या दिवशी मोजणी करावी. पाकिटाच्या वरच्या थरातील नव्हे, तर सर्व बियाणे मिसळून त्यातून बिया घ्याव्यात. रिकामी पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. उगवण कमी झाल्यास रोपवाटिका मोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पंचनामा करून घ्यावा.

पैशांचा व्यवहार करताना

- पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करा’ म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार.
- ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट किंवा संदेश हा पुरावा नाही. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक स्वतः पाहावी.
- ‘चुकून जास्त रक्कम आली, परत पाठवा’ असा फोन आल्यास आधी खात्यात रक्कम खरोखर आली का, हे पाहावे. आली असल्यास बँकेमार्फतच परत करावी.
- व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नये. शासकीय योजना, आरटीओ दंड, लग्नपत्रिका अशा नावांनी त्या येतात आणि मोबाइलमधील ओटीपी चोरतात.

स्वतः जाहिरात देताना

नुसता ‘कांदा विकणे आहे’ असा मजकूर टाकला की निरर्थक फोनच जास्त येतात. जाहिरातीत वाण, काढणीची तारीख, अंदाजे क्विंटल, प्रतवारी, गाव, चाळीपर्यंत किती चाकी गाडी येते आणि ‘पैसे जमा झाल्यावरच भरणी’ ही अट स्पष्ट लिहावी. फोटो चाळीच्या मधल्या भागातील कांद्याचा, दिवसाच्या उजेडात काढावा आणि त्यात गोल्टीही दिसू द्यावी. माल जसा आहे तसा दाखवला तर चाळीसमोर भाव पाडायला कारण उरत नाही. आधार कार्ड, सातबारा किंवा पासबुकाचा फोटो जाहिरातीत टाकू नये. माल विकला की जाहिरात लगेच काढावी.

फसवणूक झाल्यास

वेळ न घालवता 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. त्यांनी मागितलेली माहिती, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम व बँकेचे नाव, तयार ठेवावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ती रक्कम रोखता येते, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे असतात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पोलिस ठाण्यात जावे. संभाषण, जाहिरात आणि मोबाइल क्रमांक पुसून टाकू नयेत. लाजेखातर गप्प बसल्यास त्याच क्रमांकावरून शेजारच्या गावातील दुसरा शेतकरी फसतो.

कृषी सहायक व शेतकरी गटांसाठी

गटाच्या बैठकीत 1930 हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नोंदवून घ्यावा. गटातील दोन जाणत्या सदस्यांकडे तपासणीचे काम द्यावे: मोठा व्यवहार करण्यापूर्वी ट्रॅक्टरची नोंद, बियाण्याचे बिल किंवा खरेदीदाराचा पत्ता त्यांनी पाहावा. गटात रोज भाव टाकताना तारीख, बाजार आणि सर्वसाधारण दर लिहिण्याची शिस्त लावावी. शिवार खरेदीसाठी गटाने एकत्र माल दाखवला, तर खरेदीदाराला पूर्ण गाडी एकाच ठिकाणी मिळते आणि आगाऊ पैशांची अट एकट्या शेतकऱ्यापेक्षा गटाला सहज मान्य करून घेता येते.